काचवाळू: फुटक्या बाटल्यांपासून अंगणाच्या पेव्हर ब्लॉकपर्यंत

फुटकी काच दळून काचवाळू केली की ती बांधकामात वाळूच्या जागी चालते. पण ती कुठे वापरायची, किती बारीक करायची आणि कोणत्या सिमेंटबरोबर घ्यायची, यात चूक झाली तर तेच काम काही वर्षांत आतून फुगून तडकतं. म्हणून नव्याने सुरुवात करणाऱ्यांनी स्लॅबकडे, कॉलमकडे बघूच नये. सळई असलेल्या कोणत्याही कामात काच घालायची नाही. आयएस ३८३ या काँक्रीटच्या वाळू-खडीच्या भारतीय मानकाच्या २०१६ च्या आवृत्तीत स्लॅग (धातूच्या भट्टीतली मळी), बॉटम अॅश (कोळशाच्या बॉयलरच्या तळाची राख), पाडकामातून निघालेली खडी यांना वाळू-खडी म्हणून जागा मिळाली आहे, पण काचेला नाही. सुरुवात अंगणापासून करा.

इथे १०० चौरस फुटांचं, म्हणजे १० बाय १० चं अंगण धरलं आहे. सोलापूरच्या काळ्या मातीवर, पायी ये-जा आणि एखादी दुचाकी, इतकाच भार. जाड काच ब्लॉकखालच्या थरात जाईल आणि बारीक काच ब्लॉकच्या मालात. हा क्रम उलटा करायचा नाही. कारण समजलं की बाकीच्या पायऱ्या आपोआप पटतात, म्हणून ते आधी.

काच सिमेंटमध्ये का फुगते

बाटलीची आणि खिडकीची काच म्हणजे सोडा-लाइम काच. तिच्यात ७० टक्क्यांच्या आसपास सिलिका असते, पण ती वाळूतल्या गारेसारखी घट्ट स्फटिकरूप नसते, विस्कळीत असते. सिमेंटमधल्या सोडा-पोटॅशला, म्हणजे क्षारांना, ती सहज भिडते आणि तिथे चिकट जेल तयार होतं. जेल पाणी ओढतं, फुगतं आणि काँक्रीटला आतून ढकलतं. १९४० मध्ये कॅलिफोर्नियात थॉमस स्टँटन यांनी हा प्रकार पहिल्यांदा नीट मांडला, तेव्हा विषय काचेचा नव्हता, नैसर्गिक खडीचा होता. काच त्याच जातीतली, फक्त जास्त तापट.

गंमत कणाच्या आकारात आहे. एक-दीड मिलिमीटरचा काचेचा कण सगळ्यात वाईट. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात ख्रिश्चन मेयर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या चाचण्यांत पांढऱ्या काचेचा सर्वाधिक फुगवटा १.१८ मिमीच्या आसपास दिसला. त्याहून बारीक करत गेलं की फुगणं उतरतं, आणि मैद्यासारखी भुकटी झाली की तीच काच फ्लाय अॅशसारखी (कोळसा जळताना उडणारी बारीक राख) वागून सिमेंटला मदत करते. म्हणून ब्लॉकमध्ये फक्त ६०० मायक्रॉनच्या (०.६ मिमी) चाळणीतून पडलेली काच घ्यायची. ब्लॉकखालच्या थरात सिमेंटच नसतं, तिथे जाड काच निर्धास्त वापरा.

फुगवटा रोखायचा दुसरा उपाय आपल्या दारात आहे. आहेरवाडी-फताटेवाडीचा एनटीपीसीचा १३२० मेगावॉटचा प्रकल्प कोळशावर चालतो आणि फ्लाय अॅश तिथून निघते. फ्लाय अॅश मालातला सोडा-पोटॅश धरून ठेवते आणि काचेपर्यंत पोचू देत नाही. घरच्या कामाला वेगळी फ्लाय अॅश आणायची गरज नाही, पीपीसी सिमेंटमध्ये ती १५ ते ३५ टक्के मिसळलेलीच असते. स्लॅग सिमेंटही चालतं. नुसतं ओपीसी ५३ ग्रेड, म्हणजे फ्लाय अॅश किंवा स्लॅग न मिसळलेलं साधं सिमेंट, मात्र काचेबरोबर कधीच नाही. दुकानदार "हे लवकर सेट होतंय बघा" म्हणाला तरी नाही.

कोणती काच घ्यायची

घ्या: बिअर, सरबत, सॉसच्या फुटक्या बाटल्या, लोणच्याच्या बरण्या, अॅल्युमिनियम सेक्शनच्या दुकानातले साध्या खिडकीच्या काचेचे तुकडे.

घेऊ नका: ट्यूबलाइट आणि सीएफएल, कारण आत पारा असतो. जुन्या डब्बा टीव्हीची काच, कारण तिच्यात शिसं असतं. गाडीची पुढची काच, कारण मधला प्लॅस्टिकचा पडदा चाळणीत गुंततो. आरसे नकोत. ओव्हनची भांडी आणि चिनी मातीचे कप नकोत, ते वेगळ्याच जातीचे. दवाखान्यातली कोणतीही बाटली नको, रिकामी असली तरी.

एक गोष्ट आवर्जून सांगायची आहे. अख्खी बाटली फोडू नका. ती धुऊन पुन्हा भरली जाते, भंगारवाला तिचे पैसे देतो. एकाच रंगाची स्वच्छ फुटकी काचही काच कारखान्यात पुन्हा वितळून जास्त कामाची ठरते. बांधकामात जावी ती रंगमिश्रित, तुकडे झालेली, कोणी घेत नाही अशी काच. भंगाराच्या दुकानात मागच्या कोपऱ्यात पडलेला ढीग असतो, तो मागा.

आपल्या अंगणाला साधारण ३२५ किलो तयार काच लागते: थरासाठी २२५, ब्लॉकसाठी १००. लेबलं, झाकणं, धूळ, सांडलवंड धरून पावणेचारशे किलो कच्ची काच आणा. ६५० मिलीची रिकामी बाटली अर्ध्या किलोच्या आसपास भरते, त्यावरून ढिगाचा अंदाज येईल.

धुणं: सगळ्यात जास्त चुका इथेच

सरबत आणि थंड पेयाच्या बाटलीत तळाला वाळलेली साखर असते. इतके साखर कारखाने असलेल्या जिल्ह्यात साखर सिमेंटची वैरीण आहे हे मात्र फार कमी जणांना माहीत असतं. सिमेंटच्या वजनाच्या हजारात एक भाग साखर गेली तरी माल घट्ट व्हायला कितीतरी तास जास्त लागतात, आणि दुसऱ्या दिवशी साचा काढताना ब्लॉकचा कोपरा हातात येतो.

काच फोडण्याआधी झाकणं आणि गळ्याभोवतीच्या अॅल्युमिनियमच्या कड्या काढा. अॅल्युमिनियम सिमेंटच्या क्षारांत हायड्रोजन वायू सोडतं आणि ब्लॉकच्या पाठीवर फोड येतात. मग काच २४ तास पाण्याच्या हौदात बुडवून ठेवा. लेबलं सुटतात, साखर विरघळते. पाणी बदलून आणखी एकदा खळबळा. नळाला रोज पाणी येत नाही, म्हणून पाणी येण्याच्या आदल्या दिवशी काच भिजत घाला, म्हणजे दुसरं धुणं ताज्या पाण्यात होतं. पहिलं पाणी गटारात ओतू नका. बाजूला ठेवा, गाळ बसू द्या, वरचं पाणी झाडांना घाला आणि तळातला काचगाळ थराच्या ढिगात टाका.

काच स्वच्छ झाली की नाही हे असं तपासा. मूठभर दळलेली काच ग्लासभर पाण्यात रात्रभर ठेवा. सकाळी तेच सिमेंट दोन वाट्यांत घ्या. एकात साधं पाणी, दुसऱ्यात काचेवरचं गाळलेलं पाणी, दोन्हींत सारखंच मोजून. वड्याएवढ्या दोन टिकल्या थापून सावलीत ठेवा. दर तासाला दोन इंची खिळ्याचं टोक हलक्या हाताने टेकवा. साध्या पाण्याच्या टिकलीवर खिळा नुसता चरा पाडू लागला आणि दुसरीत अजून रुततोय, तर काचेत साखर आहे. पुन्हा धुवा. दोन्ही टिकल्या अर्ध्या तासाच्या फरकाने घट्ट झाल्या तर पुढे जा.

दळणं आणि चाळणं

तीन-पाच एचपीची हॅमर मिल, खाली ५ मिमी छिद्रांची जाळी. अक्कलकोट रोड किंवा चिंचोळी एमआयडीसीतल्या फॅब्रिकेशनवाल्याकडून ती बनवून घेता येते, पण एका अंगणासाठी तेवढा खर्च नको. कोणाकडे असेल तर दिवसभर भाड्याने घ्या. हॉपरच्या तोंडाला रबरी पडदा हवाच, नाहीतर तुकडे उलटे उडतात. मसाला किंवा धान्य दळायची चक्की या कामाला लावली तर ती पुन्हा खाण्याच्या वस्तूला वापरायची नाही.

मिल नसेल तर लोखंडी पिंपात काच घालून वर जाड गोणपाट झाका आणि धुमसाने कुटा. त्यातून थराची जाड काच मिळेल. ब्लॉकची बारीक काच हाताने निघणार नाही, मग ब्लॉक बाजारातून विकत आणा आणि काच फक्त थरात घाला. तेही पूर्ण आणि चांगलं काम आहे.

दळताना पाण्याचा हलका फवारा चालू ठेवा. काचेतली सिलिका स्फटिकरूप नसल्याने ही धूळ आणि खडी क्रशरवरची धूळ एकसारखी नाही, तरी डोळे, घसा आणि छातीला ती त्रास देतेच. एन-९५ मास्क, बाजूने बंद असणारा चष्मा, कापले न जाणारे हातमोजे, पूर्ण बाह्या, बूट. चप्पल घालून या ढिगाजवळ कोणी यायचं नाही. दिवस संपला की कपडे घराबाहेर झटका आणि वेगळे धुवा.

काच सुकल्यावर चाळा. दोन चाळण्या लागतात. ४.७५ मिमीच्या वर राहिलेली काच परत मिलमध्ये. ४.७५ च्या खाली पण ६०० मायक्रॉनच्या वर राहिलेली थरासाठी. ६०० मायक्रॉनखालची ब्लॉकसाठी. बारीक कमी पडली तर जाडातली थोडी पुन्हा दळा. थराची काच मिक्सरच्या ड्रममध्ये पाण्यासकट वीस-पंचवीस मिनिटं फिरवून घेतली तर कणांच्या कडा बोथट होतात. मूठ दाबून बघायचा मोह होतो, तो हातमोजा घालूनच.

ब्लॉक ओतणं

२०० बाय १०० बाय ६० मिमीचे रबरी किंवा प्लॅस्टिकचे साचे आणि व्हायब्रेटिंग टेबल. पेव्हर ब्लॉकच्या आयएस १५६५८ या मानकाप्रमाणे फक्त पायी वापराला ५० मिमी जाडी आणि एम-३० ताकदीचं काँक्रीट पुरतं, हलक्या वाहनाला ६० मिमी आणि एम-३५. दुचाकी येणार असेल तर ६० धरा. एका गोणीचा माल असा:

पीपीसी सिमेंट ५० किलो
क्रश सँड (दगड दळून केलेली वाळू) ७२ किलो
६०० मायक्रॉनखालची काच १८ किलो
१० मिमी खडी ११० किलो
पाणी २१ ते २१.५ लिटर
सुपरप्लास्टिसायझर (पाणी न वाढवता माल सैल करणारं रसायन) ३०० ते ४०० मिली

म्हणजे वाळूचा पाचवा भाग काच. सुरुवातीला यापुढे जाऊ नका. काचेचा पृष्ठभाग गुळगुळीत असल्यामुळे सिमेंटची पकड वाळूइतकी बसत नाही, आणि प्रमाण वाढवलं की ताकद उतरते. एका गोणीत ९० च्या आसपास ब्लॉक निघतात, एकाचं वजन पावणेतीन किलोच्या पुढे. १०० चौरस फुटांना ४६५ ब्लॉक लागतात, फुटतूट धरून ४९०. साडेपाच गोण्या लागतील, सहा आणा.

सगळं वजन काट्यावर करा, घमेल्याने नाही. काचवाळू घमेल्यात वाळूसारखी बसत नाही, त्यामुळे घमेल्याच्या हिशोबात दर खेपेला प्रमाण हलतं.

आता पाणी. काच पाणी शोषत नाही, त्यामुळे तिच्यासाठी जास्तीचं पाणी लागत नाही. पण तिचे कण टोकदार असल्याने माल कडक वाटतो, फावड्याला ओढत नाही. मिस्त्री हमखास म्हणणार, "थोडं पाणी सोडा की, माल सुटत नाही." सोडू नका. सुपरप्लास्टिसायझर थोडं वाढवा. लिटर-दोन लिटर पाणी जास्त गेलं की टेबलावर हलवताना ते वर येऊन साचतं आणि ब्लॉकची पाठ पांढरट, ठिसूळ होते. क्रश सँड ओली असेल तर तिच्यातलं पाणी वजा करा. ४ टक्के ओल असली तर ७२ किलोत जवळपास तीन लिटर पाणी आधीच आत आहे.

मिक्सरमध्ये आधी निम्मं पाणी, मग खडी, वाळू, काच. एक मिनिट फिरू द्या. मग सिमेंट, शेवटी उरलेल्या पाण्यात मिसळून प्लास्टिसायझर. त्यानंतर तीन मिनिटं. साच्याला तेलाचा पातळ हात द्या, माल दोन भागांत भरा आणि वर हवेचे बुडबुडे येणं थांबेपर्यंत टेबल चालवा. त्यापुढे चालवलं तर खडी खाली बसते.

एप्रिल-मेमध्ये पारा ४० च्या वर असताना हे काम पहाटे करा. खडी आणि वाळूवर आदल्या दिवसापासून सावली हवी, पाण्याची टाकी उन्हात नको. ओतलेल्या मालाचं तापमान ४० अंशांच्या वर जाऊ द्यायचं नाही. शक्य असेल तर हे काम दिवाळीनंतरच काढा, सोलापूरचा हिवाळा काँक्रीटला मानवतो.

साचे २४ तासांनी काढा आणि ब्लॉक १४ दिवस ओले ठेवा. पीपीसीचा माल हळू पिकतो आणि आपली हवा कोरडी, त्यामुळे सात दिवसांत पाणी बंद करणं इथे चालत नाही. हौदात बुडवणं उत्तम. तेवढं पाणी नसेल तर थप्पीवर जुनी सोलापुरी चादर भिजवून टाका आणि वर प्लॅस्टिकचा कागद ओढून कडा विटांनी दाबा. जाड सुती चादर गोणपाटापेक्षा जास्त वेळ ओली राहते. दुपारी कागद उचलून हात फिरवा: चादर गार लागली पाहिजे, थप्पीच्या कोपऱ्यावरही. कोपरेच आधी वाळतात. २८ दिवसांनंतर काही ब्लॉक अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या किंवा खासगी प्रयोगशाळेत दाबचाचणीला द्या.

एक धोक्याची सूचना. २८ दिवसांची चाचणी पास झाली म्हणजे काच फुगणार नाही असं सिद्ध होत नाही. ती चाचणी ताकद सांगते, फुगवटा महिन्या-वर्षांनी येतो. ब्लॉक विकायला करणार असाल तर मोर्टार बारची चाचणी करून घ्या. त्यात छोट्या पट्ट्या १४ दिवस ८० अंशांच्या कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात ठेवतात. लांबी ०.१० टक्क्यांच्या आत वाढली तर ठीक, ०.२० च्या वर गेली तर तो माल सोडून द्या.

जमीन आणि थर

काळी माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते. तिच्यावर थेट ब्लॉक बसवले तर दुसऱ्या पावसाळ्यात अंगण लाटांसारखं होतं. एक फूट खोदा, तळाला घरापासून बाहेर उतार द्या: १० फुटांत ६० मिमी. मग २०० मिमी मुरूम, १००-१०० च्या दोन थरांत, पाणी शिंपडून, दोन्ही वेळा प्लेट कॉम्पॅक्टर (जमीन दाबणारं सपाट तळाचं यंत्र) फिरवून. सुमारे एक ब्रास (१०० घनफूट) मुरूम लागेल.

ब्लॉक बसवण्याआधी चारही बाजूंना विटांची किंवा शहाबादी फरशीच्या उभ्या पट्टीची कड सिमेंटात बांधा. कड नसेल तर ब्लॉक सरकतात आणि मधली वाळू निसटते.

त्यावर काचेचा थर. २२५ किलो जाड काच आणि २२५ किलो क्रश सँड कोरडीच मिसळा. दोन पाइप रूळासारखे ठेवा आणि सरळ पट्टीने ४० मिमी जाडीचा सैल थर ओढून घ्या. दाबल्यावर तो ३० वर येतो. खड्डा भरून काढायला हा थर जाड करायचा नाही, खड्डा मुरुमातच भरायचा. काचेच्या कामाचा खरा फायदा इथे आहे. ती चिकट नाही, ओली झाली तरी फुगत नाही, पाणी धरून ठेवत नाही. ब्लॉकच्या सांध्यांतून आलेलं पाणी उताराने कडेला निघून जातं. कडेत दर तीन फुटांवर बोटभर छिद्र ठेवायला विसरू नका, नाहीतर पाण्याला वाटच नाही.

ओढलेल्या थरावर पाय द्यायचा नाही. लावलेल्या ब्लॉकवर उभं राहून पुढचा ब्लॉक ठेवत जा. सांधा २ ते ४ मिमी. सांध्यात मात्र काच नको, साधी बारीक वाळू झाडूने भरा. लहान मुलं अनवाणी खेळतात, तुळशीपाशी घरची माणसं अनवाणी जातात, आणि सांध्यातली वाळू वाऱ्या-झाडूने वर येतच राहते. शेवटी प्लेटखाली रबरी चटई लावून दोनदा फिरवा आणि पुन्हा वाळू भरा.

पहिल्या पावसानंतर सांधे खाली बसतात, तेव्हा एकदा वाळू भरावी लागेल. एखादा ब्लॉक खचला तर तो उचलून खालचा थर सारखा करा. बहुतेकदा तिथे मुरूम नीट दबलेला नसतो.

ओतताना बाजूला काढलेले सहा ब्लॉक ठेवून द्या: तीन झाकण लावलेल्या पाण्याच्या बादलीत, तीन कोरड्या जागी. दर तीन महिन्यांनी बादलीतले बाहेर काढून वाळवा आणि कोरड्यांच्या शेजारी ठेवून उन्हात तिरके धरून बघा. पहिल्याच आठवड्यात आलेली एखादी सरळ बारीक भेग पाणी कमी पडल्याची असते. पण सहा-आठ महिन्यांनी जाळीसारखे तडे, त्यांच्या कडेला पांढरा चिकट ओघळ, किंवा काचेच्या कणावरून उडालेली टिचभर खपली दिसली, तर पुढच्या खेपेला ब्लॉकमधली काच १८ किलोवरून ९ वर आणा, कमी पडलेले ९ किलो क्रश सँडने भरा आणि ६०० ऐवजी ३०० मायक्रॉनची चाळण लावा.